अस्थिकलशातला गंधक

१

माणूस जळून गेल्यावर मागे जे उरतं त्याला वास नसतो, निदान आठ महिन्यांनी तरी नसतो. म्हणून शनिवारी सकाळी, आखातातल्या करामा वस्तीत, तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, सविताताईंनी भावजयीच्या अस्थींच्या मडक्यावरचं लाल फडकं सोडलं आणि सडक्या अंड्यांचा भपकारा नाकात गेला, तेव्हा आधी त्यांना वाटलं की खालच्या कचऱ्याचा वास असेल. मग त्यांनी आत पाहिलं. मडक्यात ना हाडं होती ना राख. चाळलेल्या पिठासारखी पिवळट भुकटी होती, गळ्यापर्यंत भरलेली.

सविताताईंनी अशी किंकाळी फोडली की समोरच्या इडलीवाल्याच्या दारातली रांग वर बघायला लागली.

संध्याकाळच्या विमानाने त्या अस्थी नाशिकला निघायच्या होत्या. मातीचं मडकं प्रवासात फुटेल म्हणून ताई सगळं तांब्याच्या कलशात काढून घ्यायला बसल्या होत्या. हे त्यांना सुचलं नसतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. मृणालिनी टेंबे नावाच्या बाईऐवजी किलोभर गंधकाची भुकटी गोदावरीला मिळाली असती.

पाऊण तासाने अर्चना बिडकर शारजाहून निघाली. फोन मृणालिनीची मुलगी पर्णिका हिने केला होता. “मावशी, प्लीज कम. आत्या इज गोइंग टु द पोलीस.”

अर्चनाचा धंदाच संशयाचा. जहाजातून आलेला माल भिजला, फुटला, हरवला असं कुणी म्हटलं की विमा कंपनी तिला पाठवायची. माल खरंच वाटेत भिजला, का भिजलेलाच भरला होता, का मुळात खोक्यात घातलाच नव्हता, हे शोधण्यात तिची वीस वर्षं गेली होती. त्यात माणसांवर विश्वास ठेवायची सवय पार मोडली. अपवाद टेंबे मिसचा. ऊद मेथा भागातल्या शाळेत त्यांनी तिला भूगोल शिकवला होता. नकाशावर बोट ठेवून त्या जपानच्या डोंगरातल्या गरम झऱ्यांच्या गावाबद्दल इतकं रंगून बोलायच्या की मुलांना वाटे, मिसचं माहेरच ते.

मिस त्या गावी कधी गेल्या नाहीत. त्या वारल्यावर घरचे तिघे मात्र जाऊन आले, नवरा चंद्रहास, मुलगी पर्णिका आणि चंद्रहासची थोरली बहीण सविता. परतून सहा दिवस झाले होते.

शनिवार असूनही शारजाच्या रस्त्याने वाहनांच्या कोंडीचं आपलं ब्रीद सोडलं नाही. अर्चना पोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते, आणि विमानतळावर चारला निघायचं होतं.

२

“चोर कोण ते मला ठाऊक आहे,” दार उघडताच सविताताई म्हणाल्या. “तू फक्त तिच्या तोंडून वदवून घे.”

चोर समोरच्याच खुर्चीत बसली होती. बदरुन्निसा, वय अठ्ठावन्न, मूळ दापोलीची, शाळेत गणित शिकवणारी. सव्वीस वर्षं समोरच्या दारात राहणारी मृणालिनीची मैत्रीण. मुलं तिला बदर मिस म्हणत. तिची चहाची कपबशी अजून तशीच भरलेली होती. शेजारच्या सोफ्यावर चंद्रहास होता. त्याचा कप रिकामा झाला होता.

“दहा दिवस आम्ही नव्हतो. किल्ली हिच्याकडे. तुळशीला पाणी घालायला रोज बाल्कनीत जायची ती हीच. मडकं तिथेच टांगलेलं. अजून काय पुरावा पाहिजे?” ताईंचा आवाज चढला. “हिला आमच्या धर्माचं काय सोयरसुतक? चार वाजेपर्यंत माझ्या भावजयीच्या अस्थी परत आल्या नाहीत तर मी विमानतळावर नाही, पोलिसात जाणार.”

अर्चनाला पोलीस नको होते. या देशात परक्या माणसाचं नाव एकदा पोलिसांच्या कागदावर गेलं की शाळा विचारणार, व्हिसाचं काय ते विचारणार, आणि निर्दोष आहे हे ठरेपर्यंत बाईची अब्रू चव्हाट्यावर. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या बाईला तेवढं पुष्कळ झालं.

“बदर मिस, तुम्ही काही बोलत का नाही?” तिने विचारलं.

बदरुन्निसाने चंद्रहासकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर. “मी मडक्याला काय केलेलं नाही. एवढंच सांगते. त्याच्यापुढचं माझ्याकडे विचारू नका.”

“ऐकलंस?” ताई म्हणाल्या. “पुढचं विचारू नका म्हणे!”

अर्चनाला ते वाक्य खटकलं. ज्याला काही ठाऊक नसतं तो ‘मला ठाऊक नाही’ म्हणतो. बदर मिस तसं म्हणाल्या नव्हत्या.

३

बाल्कनीत उकाडा मी म्हणत होता. अर्चनाने मडक्यातली भुकटी चिमटीत घेतली, नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. पर्णिका दाराला टेकून उभी होती. चोवीस वर्षांची, इथेच जन्मलेली, जाहिरातींच्या कंपनीत नोकरीला.

“दॅट्स फ्रॉम द स्प्रिंग्ज,” ती म्हणाली. “झऱ्याच्या तळाला जमते ना, ती पावडर. घरी बाथमध्ये टाकायची. सगळ्या शॉप्समध्ये मिळते. मी छोटी पाकिटं आणली गिफ्ट द्यायला. बदर आंटीलाही दिली, दोन.”

“बघा! दिली ना तिला!” आतून ताईंचा आवाज आला. भिंतींना कान असतात म्हणतात, या घरात भिंतींना सविताताई होत्या.

म्हणजे भुकटी मडक्यात गेली ती गेल्या सहा दिवसांत, एवढं पक्कं झालं. अस्थी बाहेर कधी गेल्या ते मात्र कळत नव्हतं. त्याच दिवशी, का त्याच्याही आधी?

अर्चनाने ताईंना स्वयंपाकघरात गाठलं. ताईंना विचारायची गरज नव्हती, फक्त थांबवायची गरज होती.

“ती पोरगीसुद्धा कमी नाही. आईचं विसर्जन नकोच म्हणत होती. तिथे गेल्यावर तीन दिवसांत एकदा माझ्याबरोबर झऱ्यात उतरली नाही. पहाटे उठून कुठे जायची देव जाणे! मी मेली एवढी म्हातारी, चार परक्या बायकांत उघडी होऊन उतरले. आणि हिला लाज?”

“तुम्ही उतरलात?” अर्चनाला हसू आवरेना.

“पहिल्या दिवशी डोळे मिटून. दुसऱ्या दिवशी उघडून,” ताईंनी कबूल केलं. “गुडघ्यांना काय आराम पडला म्हणून सांगू! गाव पण गुणी हो. गटारातून वाफ निघते पण कागदाचा कपटा दिसायचा नाही.”

क्षणभर त्या भांडण विसरल्या. मग आठवलं, आणि डोळ्याला पदर लावला. “मृणालने बघायला हवं होतं गं ते. मी एवढंच म्हणते, ती कुठे आहे? मला तिचं नीट करायचंय. आठ महिने टांगून ठेवलंय तिला.”

४

पर्णिकाला बोलतं करायला पाच मिनिटं लागली. पोरगी आधी रागावली, मग रडली, आणि शेवटी टी-शर्टची बाही खांद्यापर्यंत वर केली. खांद्यावर निळ्या शाईत एक सही गोंदलेली होती. अर्चनाने ती सही आपल्या प्रगतिपुस्तकावर शेकडो वेळा पाहिली होती. ‘एम. टेंबे’.

“टॅटू असला की तिथल्या बाथमध्ये जाऊ देत नाहीत. आणि आत्याने पाहिला असता तर... यू नो. म्हणून मी सकाळी नदीकाठी जायचे, तिथे पाय सोडून बसायची जागा आहे, लोकल आज्या येतात. त्यांना चालतं.” तिने नाक पुसलं. “मला विसर्जन नको होतं, कारण मग ती खलास होणार. पूर्ण. बट आय डिडन्ट टच हर, मावशी. हू हॅज हर? कुठे आहे माझी आई?”

अर्चनाने तिला जवळ घेतलं. तिच्या धंद्यात एक खूणगाठ होती. ज्याचा माल खरंच हरवलेला असतो त्याचा पहिला प्रश्न असतो, माल कुठे आहे? ज्याला माल कुठे आहे ते आधीच ठाऊक असतं, तो दुसरं काहीतरी विचारतो. ताईंनी विचारलं होतं. पोरीने विचारलं होतं. बदर मिसनी विचारलं नव्हतं.

आता राहिला चंद्रहास. टेंबेकाका देऱ्याच्या बाजारात गाड्यांचे सुटे भाग विकायचे, आणि बोलणं हा त्यांचा प्रांत नव्हता. घरात लहानपणापासून थोरल्या बहिणीचा शब्द चालत आला होता. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं होतं.

“जाऊ दे ना, अर्चना,” ते म्हणाले. “उगाच घोळ. मडकं आहे तसं बांधू आणि नेऊ. देवाला सगळं कळतं. ताईला तू समजाव, पोलीस वगैरे नको.”

“काका, अस्थी कुठे असतील असं वाटतं तुम्हाला?”

“आता काय सांगणार?” त्यांनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

अर्चना उठून उभी राहिली. न विचारणारी माणसं दोन झाली होती.

५

समोरच्या घरात बदरुन्निसाने न विचारताच कपाट उघडून दिलं. दोन्ही पाकिटं होती, तळहाताएवढी, शिवणसुद्धा न उसवलेली.

“उघडली असती तरी काय झालं असतं, मिस?” अर्चना म्हणाली. “तुमच्या दोन पाकिटांत मडक्याचा तळही झाकला नसता. मडक्यात किलोभर तरी आहे.”

“गणित तुझं तेव्हा बरं नव्हतं,” बदरुन्निसा म्हणाली. “आता सुधारलेलं दिसतंय.”

“तुम्हाला माहीत आहे हे कुणी केलं.”

“माहीत असणं वेगळं आणि माझ्या तोंडाने सांगणं वेगळं. ज्याचं आहे त्याने सांगावं. मी सकाळपासून वाट बघतेय.” एवढं बोलून तिने कपाट धाडकन लावलं.

परत येऊन अर्चनाने पर्णिकाला विचारलं, “या भुकटीची मोठी पिशवी कुणी घेतली होती तिथे?”

“बाबांनी. फॉर हिज नीज. केवढी महाग, एटी दिरहम्स पडली.”

“ऐंशी? म्हणजे अठराशे रुपये!” ताई उद्गारल्या. “आणि गुडघे माझे दुखतात, याचे नाहीत!”

“पिशवी कुठे आहे आता?”

न्हाणीघरात नव्हती. कपाटात नव्हती. चंद्रहास म्हणाले, संपली. सहा दिवसांत किलोभर भुकटी, आणि न्हाणीघराला वास साबणाचा! पण एवढ्यावर माणसाला पकडता येत नाही. पिशवी घरात कुणाच्याही हाताशी होती. चोर सोडून संन्याशाला फाशी अशी गत ताईंनी एकदा केलीच होती, अर्चनाला तीच चूक पुन्हा करायची नव्हती.

“प्रवासाचे फोटो दाखव,” ती पर्णिकाला म्हणाली. धंद्यातली दुसरी सवय. माणूस जे लपवतो ते फोटोत मागे कुठेतरी राहून जातं.

लाकडी पूल. वाफेत उकडलेली अंडी. कापडी झगा गुंडाळून बसलेल्या सविताताई, चेहरा असा की जणू संस्थानच्या राणीसाहेब. आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळचा एक फोटो. चंद्रहास सराईच्या ओसरीवर बसले होते, तोच कापडी झगा, गळा जरा उघडा, हातात चहा, आणि चेहऱ्यावर विलक्षण शांती.

“हा मी काढला,” पर्णिका म्हणाली. “मी नदीवरून परत येत होते. मम्मा गेल्यानंतर पहिल्यांदा ही लुक्ड ओके. म्हणून क्लिक केला. मग फिल्टर वगैरे लावला.”

अर्चनाने फोटो मोठा केला. गळ्यापाशी मोठा केला. तिच्या वडिलांच्या श्राद्धाला भटजींनी भावाला दोनदा टोकलं होतं, ते तिला आठवलं.

पण पोरीने फिल्टर लावला होता. या फोनांचा काय भरवसा, डाव्याचं उजवं करतात. आधी ते नक्की करायला हवं होतं, आणि कुणी झगा कसा नेसला ते बारकाईने बघून ठेवणारी बाई घरात एकच होती.

६

तिने सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं, बदरुन्निसालाही बोलावलं, आणि फोन ताईंच्या हातात दिला.

“ताई, गळ्याकडे आत्ता बघू नका. मला फक्त एवढं सांगा, हा फोटो सुलटा आहे का आरशातल्यासारखा उलटा?”

ताईंनी चष्मा लावला. “सुलटा. झग्याचा डावा पदर वर आहे बघ. पहिल्या संध्याकाळी मी उजवा वर घेतला होता, तर सराईची मालकीण धावत आली आणि सगळ्यांदेखत माझा झगा सोडून परत बांधला. उजवा पदर वर असा फक्त प्रेताला घालतात म्हणे तिथे. माझी तर पाचावर धारण बसली! त्यानंतर तिन्ही दिवस आमच्यातला एकेक झगा मी स्वतः तपासला. त्या दिवशी याचाही तपासला होता. डावा वर, म्हणजे फोटो सुलटा.”

“आता गळ्याकडे बघा.”

ताईंनी पाहिलं. झग्याच्या उघड्या गळ्यातून जानव्याचे धागे दिसत होते.

“उजव्या खांद्यावरून आलंय,” ताई हळूच म्हणाल्या. “अपसव्य.”

“आत्या, सो व्हॉट?” पर्णिकाने विचारलं.

उत्तर अर्चनाने दिलं. “जानवं नेहमी डाव्या खांद्यावर असतं. उजव्या खांद्यावर घेतात ते एकाच वेळी, गेलेल्या माणसाचं कार्य करताना. कार्य झालं की परत डाव्यावर. काकांनी त्या पहाटे कार्य केलं, झगा चढवला, आणि जानवं फिरवायचं विसरले. ताई, तुम्ही झगा तपासलात, पण गळा तेव्हा मिटलेला असणार.” ती चंद्रहासकडे वळली. “अस्थी इथून निघतानाच तुमच्याबरोबर होत्या, काका. मडकं दहा दिवस रिकामं टांगलेलं होतं. आल्यावर ताईंनी नाशिकची तिकिटं काढली, मडकं उचलायची वेळ आली, ते हलकं लागू नये म्हणून तुम्ही हाताशी होती ती भुकटी भरलीत. शत्रू असता तर त्याने रिकामं ठेवलं असतं. भरणारा तो, ज्याला वाटत होतं की सगळं सुरळीत पार पडावं आणि कुणालाच कळू नये.”

चंद्रहासने कप खाली ठेवला.

“चहाच्या डब्यातून नेलं तिला,” तो म्हणाला. “बारा वर्षं म्हणत होती, एकदा जाऊ या. मी दरवर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी. दुकान, माल, कायम काहीतरी. आजारात एकदाच म्हणाली, मेल्यावर तरी नेशील का? दुसऱ्या दिवशी पहाटे पुलाखाली उतरलो. तीळ इथूनच नेले होते. येत होतं तेवढं म्हटलं, आणि सोडलं तिला. गरम पाणी होतं, ताई. हात पोळला माझा.”

पर्णिका उठून बापाच्या पायाशी बसली आणि त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडायला लागली. आई कुठे आहे ते तिला कळलं होतं.

सविताताईंनी फोन मांडीवर पालथा ठेवला. “मला सांगायचं होतंस, चंदू.”

“सांगितलं असतं तर?”

“नाही म्हटलं असतं,” ताई म्हणाल्या. खोटं बोलायची सवय त्यांना नव्हती. “भांडले असते. अन्न टाकलं असतं. पण शेवटी तुझी बायको होती ती.”

इथे गोष्ट संपली असं अर्चनाला वाटलं. तेवढ्यात बदरुन्निसा बोलली.

“मृणालने मलाही सांगितलं होतं, चंद्रहास. तिला कुठे जायचं होतं ते. तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी वाऱ्याने मडकं हलत होतं, मी धरलं तर रिकामं लागलं. मी समजले. खरं सांगते, खूश झाले. म्हटलं, या माणसाने जन्मात एक काम तरी केलं.” तिचा आवाज अजून शाळेतल्यासारखाच सरळ होता. “पण आज सकाळी ताई मला चोर म्हणत होत्या. पोलीस म्हणत होत्या. मी तुझ्याकडे बघितलं. तू चहा पीत होतास.”

“मला वाटलं, तू समजून घेशील.”

“घेतलं की. म्हणून तर गप्प बसले. तू कशासाठी गप्प होतास?”

बहिणीच्या रागाला घाबरलेला एकसष्ट वर्षांचा माणूस, त्याने शेजारणीची अब्रू पुढे करून आपली पाठ वाचवली होती, आणि खोलीतल्या प्रत्येकाला ते दिसत होतं. अर्चनाला त्याची कीवही आली आणि रागही आला, आणि त्यातला राग जास्त होता. बदरुन्निसा उठली आणि शांतपणे निघून गेली. समोरचं दार लागल्याचा आवाज आला.

सविताताईंनी पायात चपला अडकवल्या. पॅसेज ओलांडून त्या समोरच्या दाराशी गेल्या आणि बेल दाबली. पुन्हा दाबली.

“बदर, मी सविता. मी फार वाईट बोलले. दार उघड, बाई. मला आत येऊन बोलू दे.”

चंद्रहासही उठून बहिणीच्या मागे जाऊन उभा राहिला होता. बऱ्याच वेळाने कडी निघाली. बदरुन्निसाचे डोळे लाल होते. तिने ताईंचा हात धरून त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं.

“या ताई. तुम्हाला माहीत नव्हतं.” मग तिने त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं. “त्याला माहीत होतं.”

दार लागलं. चंद्रहासने बेलकडे हात नेला, आणि न दाबताच खाली घेतला.